अकोल्याच्या भावजींचे शत्रू

आमच्या अकोल्याच्या भावजींइतके शत्रू साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाला नसतील, आणि त्यांतला एकही खरा नव्हता. मी एकदा मोजले होते. अमरावतीच्या मुलींच्या शाळेचं कार्यालय इतकी वर्षं सांभाळल्यावर माणूस यादीशिवाय भाजी आणायलासुद्धा बाहेर पडत नाही, त्यामुळे भावजींच्या शत्रूंचीही मी यादी केली. ती अकरा नावांवर थांबली. एक पहारेकरी, एक म्हातारी, एक वानर, एक मुका नावाडी, दोन जुळे दरोडेखोर (हे एक धरायचे की दोन, यावर आमचा वाद झाला आणि शेवटी दीड धरायचं ठरलं), असे करत करत सगळ्यांत वर दिवाण. हे सगळे भावजींनी स्वतः जन्माला घातले होते, त्यांना नावं, खोडी आणि स्वभाव दिले होते, आणि रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर ते त्यांच्याच हातून मार खात बसायचे.

भावजी म्हणजे ह्यांचे आतेभाऊ, ह्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. अकोल्याला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते काट्यावर कारकून होते. आलेल्या गाडीतला कापूस तोलायचा आणि वजन लिहायचं, एवढं काम. दसऱ्याच्या सुमारास हंगाम सुरू झाला की त्यांच्या केसांवर, भुवयांवर आणि कानांच्या लवेवर बारीक कापूस येऊन बसे, तो होळीपर्यंत उठत नसे. त्यामुळे हिवाळाभर ते सत्तरीचे दिसत आणि उन्हाळ्यात पुन्हा चाळिशीचे होऊन आमच्याकडे आठ दिवस राहायला येत. आई-वडील गेलेले, सख्खं भावंड नाही, लग्न नाही. लग्न काहून केलं नाही असं कुणी विचारलं, तर "राहून गेलं" एवढंच म्हणत. बडनेऱ्याच्या फलाटावर छत्री राहून गेली, हे सांगतानाही त्यांचा आवाज असाच असे.

त्यांना नाद होता तो एकट्यानं खेळायच्या खेळांचा. कुणी म्हणेल, मग पत्ते लावावेत. पण पत्त्यांना ते खेळ मानत नसत. "त्याच्यात वैरीच नाही ना वैनी. नुसते पत्तेच राहतात," असं त्यांचं म्हणणं. एकट्यानं खेळायचं तर समोर कुणीतरी लबाड माणूस पाहिजे, आणि तो आपण सोडून दुसरा कुणी पाहिजे, हा त्यांचा पहिला सिद्धांत. म्हणून ते स्वतःच पट आखत. कागदाची अडचण त्यांना माझ्यामुळे पडली नाही. त्या काळात चार वर्षांत आमचं राज्य दोनदा बदललं; आधी आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो, आणि दर वेळी शाळेतले छापील फॉर्म गठ्ठ्यानं रद्दी झाले. त्यांच्या कोऱ्या पाठींवर भावजींनी गड, घाट, बागा आणि नद्या उभ्या केल्या. खाली पुठ्ठा चिकटवायचा, वर घरं आखायची. सहा कवड्या फेकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं आपली सोंगटी पुढे. सोंगटी म्हणजे चिंचोका. शत्रू मात्र चिंचोक्याचा कधीच नसे. दिवाण तर अत्तराच्या कुपीचं काचेचं बूच होता, आणि भावजी तो रोज पुसत.

पहारेकऱ्याचंच पाहा. दगडू त्याचं नाव, मुक्काम गाविलगडाचा दरवाजा. तो झोपलेला असतो आणि आपण त्याच्या पायांशेजारून निघायचं असतं. सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या की दगडू जागा होतो. पण लगेच धरत नाही, आधी एक जांभई देतो, आणि तेवढी एक पाळी आपल्याला पळायला मिळते. जांभई भावजी स्वतः देत. चांगली लांब, डोळ्यांत पाणी येणारी, तोंडासमोर चुटकी वाजवून. एकदा बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत मांडीवर पट घेऊन खेळत असताना त्यांनी अशा सात जांभया दिल्या. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "भाऊ, झोप नाही झाली वाटते." भावजी म्हणाले, "मले नाही, दगडूले." तो गृहस्थ ट्रंक उचलून पलीकडच्या बाकावर गेला.

घाटातली म्हातारी दुसऱ्या तऱ्हेची. चिखलदऱ्याच्या वाटेवर बसलेली असते. तिला रस्ता विचारला की ती चुकीचा सांगते, दुसऱ्यांदा विचारला तरी चुकीचाच सांगते, तिसऱ्यांदा मात्र खरा सांगते. हे नियमात स्पष्ट लिहिलेलं असूनही आमचे हे तो खेळ कधीही जिंकले नाहीत, कारण रस्ता विचारणं ह्यांच्या स्वभावात नाही. शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या बागेतलं वानर सगळी फळं चोरतं; पण झाडावर एकच संत्रं उरलं की ते तोंड फिरवून बसतं. हा नियम भावजींनी मागाहून घातला. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "त्यालेबी लाज असन ना वैनी. थोबी बागेतलाच होय."

खलपुरुष लबाड असावा पण बेइमान नसावा, हा त्यांचा दुसरा सिद्धांत, आणि तो ते जीव लावून पाळत. आपल्या कवड्या उजव्या हातानं टाकायच्या, शत्रूच्या डाव्या हातानं. टाकताना दोन्ही वेळा सारखाच खुळखुळाट करायचा. एकदा दिवाणाच्या पटावर जिंकायला एकच घर उरलं असताना हातातली एकुलती कवडी पालथी पडली आणि भावजी हरले. हे शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "अरे, कोन पाहून राहिलं? टाक पुन्हा."

"दिवाण पाहून राहिला ना दादा," भावजी म्हणाले आणि पट आवरायला लागले.

अकोल्याला जुन्या शहरात त्यांची माडीवरची खोली होती. खाली घरमालकीण राहायच्या, त्यांना सगळे खाला म्हणत. पहिल्या महिन्यात खालांना वाटलं, की या भाडेकरूकडे रोज संध्याकाळी कुणी तालेवार माणूस येतो आणि दोघांची फार तणातणी होते. त्यांनी सभ्यपणानं दोन कप चहा वर पाठवला. भावजींनी दोन्ही प्यायले आणि खाली जाऊन सगळा प्रकार खरा खरा सांगितला. त्यानंतर खाला एकच कप पाठवायच्या; पण भावजी जिना चढताना दिसले की म्हणायच्या, "भाईसाब, दिवाणसाहेबको हमारा सलाम बोलना." आणि भावजी तो पोचवायचे. तिथे गेले होते तेव्हा मी स्वतः ऐकलं आहे. कुलूप काढून, आत जाऊन, काचेच्या बुचाला. मला हसू आलं, मग मी खोलीत पाहिलं. एक चटई, एक स्टोव्ह, एक ताटली, एक फुलपात्र. कुठलीही वस्तू दोन नव्हती. मी मनात यादी करायला लागले, की यांना काय काय पाठवायचं, आणि दोन ताटल्यांपाशी थांबले, कारण दुसरी ताटली कशाला, हे मला सांगता येईना.

आता दिवाणाबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. त्याच्या पटावर एक गड होता. बाहेरच्या वेशीतून आत जायचं, राजाची मोहोर उचलायची आणि परत वेशीबाहेर पडायचं. वाटेत दिवाणाची ओसरी. दिवाण हल्ला करत नाही, पाठलाग करत नाही, जागेवरून उठतसुद्धा नाही. आपण ओसरीसमोर आलो की तो फक्त म्हणतो, "या, बसा. एवढ्या उन्हात कुठं निघालात?" बसलं तर पुढच्या पाळीला तीन घरं फुकट मिळतात, मात्र सहांतली एक कवडी त्याच्याकडे राहते. नको म्हटलं तर तटावरून भला मोठा वळसा. पाच वेळा बसलं की हातात एकच कवडी उरते, तिच्यानं कुठेच पोचता येत नाही, आणि मग दिवाण म्हणतो, "आता कशाला जाता? इथंच राहा. तुमचंच घर आहे." की डाव संपला. मी हा खेळ कार्यालयीन शिस्तीनं खेळून पाहिला. तीनदा ठाम नकार दिला, तीनदा वळसा घातला आणि चौथ्यांदा बसले. भावजी खूश झाले. "वऱ्हाडी मानसाले बस म्हटलं का थो बसतेच. तोच त्याचा डाव होय," म्हणाले. ते स्वतः चार वर्षं खेळत होते आणि एकदाही वेशीबाहेर पडले नव्हते.

त्यांचा तिसरा सिद्धांत सांगायचा राहिला. नवा खेळ केला की शंभर डाव खेळून पाहिल्याशिवाय ते तो कुणाच्या हातात देत नसत. काट्याची सवय. काटा हालत असताना वजन लिहायचं नाही, तो थांबू द्यायचा. शंभर डावांत कुठे खोट निघाली तर दुरुस्त करायची आणि पुन्हा एकपासून मोजायचं.

माझ्या वर्षाच्या कामांच्या यादीत "भावजींचं लग्न" हे कलम बरीच वर्षं होतं. घराला चुना, कोळशाची खरेदी आणि हे लग्न. चुना दर वर्षी व्हायचा. एके वर्षी मात्र आमच्या शाळेत शिवणाच्या बाई आल्या आणि मला कलमासमोर खूण करता येईल असं वाटलं. वय चौतीस. वडील लवकर गेले, म्हणून धाकट्या दोघी बहिणींची लग्नं यांनी मशीनवर शिवून शिवून केली, आणि मग स्वतःकडे पाहायला सवड झाली तोवर स्थळं येणं बंद झालं होतं. बोलायला मोकळ्या, हाताला नेमक्या. कापड न मोजता कापायच्या आणि ते बरोबर यायचं, हे मला जरा खटकायचं. पण बाई गुणाची. मी दोघांनाही आडपडदा न ठेवता सांगितलं आणि जूनमध्ये, शाळा उघडल्यावरच्या पहिल्या रविवारी, बाईंना घरी चहाला बोलावलं.

भावजी भेट घेऊन आले होते. दिवाणाच्या खेळाची नवी प्रत, रंगीत पेन्सिलींनी काढलेली, कवड्यांना खणाची पिशवी. पोहे संपायच्या आत त्यांनी पट उलगडला आणि पाऊण तास दिवाणावर बोलले. मी स्वयंपाकघराच्या दारातून खुणा करत होते. हे वर्तमानपत्राआड गेले होते. बाई मात्र ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता बोट लावून घरं मोजत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "याची बायको कुठं असते?"

भावजी थांबले. अकरा शत्रूंपैकी एकाच्याही बायकोचा विचार त्यांनी केला नव्हता. "नसन," ते म्हणाले.

"म्हणूनच येणाऱ्याजाणाऱ्याले बसवून घेत असन मंग," बाई म्हणाल्या.

भावजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. चार वर्षं ज्याच्याशी भांडलो त्याच्या घरात आपण कधी डोकावलोच नाही, आणि ही बाई पहिल्या दिवशी थेट आत जाऊन आली, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ह्यांनीसुद्धा वर्तमानपत्र खाली केलं. निघताना बाई उंबऱ्यापाशी चपला घालत हसून म्हणाल्या, "खेळ चांगला आहे तुमचा. पण हा तर एकट्याचा झाला. दोघानं कसा खेळायचा ते सांगा, मंग पुढचं पाहू."

त्या रात्री भावजी जेवले नाहीत. मला वाटलं, लाजले. तर ते म्हणाले, "वैनी, दोघं खेळाचं म्हटलं तर एकानं दिवाण व्हावं लागते. मी बाईचा दिवाण होऊ? नाही होत माह्याच्यानं. आन बाईले काहून दिवाण करू?" सकाळी उठून पाहते तर ते पहिल्या गाडीनं गेले होते, आणि बाईंसाठी आणलेला पटही बरोबर घेऊन गेले होते. माणूस आणलेली भेट परत नेतो याचा अर्थ मी व्यवहारानं लावला. नकार.

बाईंनी तसा अर्थ लावला नाही. जुलैत एकदा गणवेशाच्या कापडाचा हिशेब द्यायला त्या आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "अकोल्याहून काही?" मी म्हटलं, नाही अजून. पोळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच, कात्री हातात घेऊन, दुसरीकडे पाहत. नवरात्रात तिसऱ्यांदा. तोवर वर्ध्याहून त्यांच्या मेहुण्यानं एक स्थळ आणलं होतं. बिजवर, दोन मुली, कचेरीत नोकरी, माणूस शांत. दिवाळीच्या आत हो की नाही ते सांगा म्हणत होते. बाईंनी मला हे सगळं सांगितलं आणि वर्गावर गेल्या. मी भावजींना कार्ड टाकलं. दोन ओळी: काय ते स्पष्ट कळवा, वेळ थोडा आहे.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. "चौसष्ट झाले. छत्तीस राहिले. हंगाम लागल्यानं दोन दिवसाले एकच होते. पौषात घेऊन येतो. बाईले तेवढं सांगजा."

हे कार्ड मी शाळेच्या कार्यालयात उभ्यानं वाचलं. मला कळलं नाही असं नव्हतं. शंभर डावांचा नियम मला ठाऊक होता. ते दोघांनी खेळायच्या खेळाचे चौसष्ट आहेत तेही ध्यानात आलं. पण एका शहाण्या बाईच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि हा माणूस तिला निरोप काय पाठवतो, तर छत्तीस राहिले. मला लाज वाटली. हा निरोप तिला सांगायचा तर कुठल्या तोंडानं, आणि ती हसली तर भावजींचं हसं, आणि नाही हसली तर तिनं कशाच्या भरवशावर थांबायचं. मी ते कार्ड टाचणी लावून "किरकोळ" असं लिहिलेल्या फायलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई आल्या. या वेळी हातात कात्री नव्हती, काही निमित्त नव्हतं. "अकोल्याहून काही?"

"नाही," मी म्हणाले.

मार्गशीर्षात त्यांचं वर्ध्याला लग्न झालं. भांड्यांची यादी मीच करून दिली.

पौषात, संक्रांतीच्या दुपारी, भावजी आले. डोक्यावर कापूस, काखेत धोतराच्या पानात गुंडाळलेला पट. तिळगूळ घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई शाळेत असतीन ना आता? का सुट्टी आहे?" मी त्यांना सरळ सांगितलं. कुठे, कधी, कुणाशी. मला गोष्टी क्रमानं सांगता येतात. ते ऐकत असताना मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडत होते. ती सुटली तशी त्यांनी पुन्हा बांधली.

"तुमी सांगतलं होतं ना त्याहीले, छत्तीस राहिले म्हणून?"

"नाही."

त्यांनी गाठ आवळली. मग म्हणाले, "बरं. मंग त्याहीची काही चूक नाही." त्यांच्या आवाजात खरोखरच हायसं वाटल्यासारखं काही होतं, आणि ते ऐकणं मला सगळ्यांत जड गेलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते कुणावर ओरडले असते? जे ओरडायचं ते सगळं दिवाणावर खर्च व्हायचं.

मी चटई अंथरली. का ते माहीत नाही. म्हटलं, "दाखवा तरी काय केलंय." त्यांनी पट उलगडला. तोच गड, पण वेशी दोन, समोरासमोर. दोन चिंचोके, दोघांच्या सहा-सहा कवड्या. दोघांपैकी कुणीही दिवाण नाही. दिवाण आपल्या जागी, ओसरीवर. आणि दोघं मिळून त्याच्याविरुद्ध. पहिल्या दोन महिन्यांत नुसतं एवढंच सुचलं, ते म्हणाले. मग खरी गोष्ट सुचली. दिवाणानं एकाला बसवून घेतलं, की दुसऱ्यानं आपली पाळी सोडायची आणि म्हणायचं, "चला, उशीर होतो." एवढं म्हटलं, की बसलेला उठतो आणि त्याची कवडी त्याला परत मिळते. "त्याच्यापुढं दिवाणाचं काहीच चालत नाही ना," भावजी म्हणाले. "एकट्या मानसाले उठता येत नाही. कोनी बोलावलं तर येते."

मला खेळांतलं काही कळत नाही, पण एवढं कळलं, की ह्या माणसानं चार वर्षं ज्याला हरवता आलं नाही त्याला हरवायची युक्ती शोधून काढली होती, आणि ती त्याला एका बाईनं चपला घालता घालता विचारलेल्या प्रश्नातून मिळाली होती.

आम्ही खेळायला बसलो. शंभर डाव त्यांनी एकट्यानंच खेळून पाहिले होते, दोन्ही बाजूंनी. मी विचारलं, दुसरी बाजू कशी खेळलात? ते म्हणाले, "कवड्या टाकाले काही नाही, हात आहेतच. पण मी ओसरीवर बसलो का बाई आवाज देतीन का नाही, हे काही मले समजत नव्हतं. दिवाण काय म्हणन ते मले नेहमी समजते. बाईचं नाही समजत." म्हणून त्यांनी त्यासाठी वेगळी एक कवडी टाकायची ठरवलं होतं. उताणी पडली तर बाईंनी हाक मारली, पालथी पडली तर नाही. तसं नियमांच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलंही होतं. शंभर डावांत निम्म्या वेळा हाक आली, निम्म्या वेळा आली नाही.

चौथ्या पाळीला भावजींचा चिंचोका ओसरीवर बसला. माझी वाट मोकळी होती, मोहोर दोन घरांवर होती. मी म्हणाले, "चला भावजी, उशीर होतो." त्यांनी चिंचोका उचलला, कवडी परत घेतली, आणि पुढची पाळी टाकायच्या ऐवजी कवड्या मुठीत धरून बसले.

"बाईनं बी दिला असता आवाज? काय वाटते तुमाले?"

मला काय वाटतं याचा तिथे प्रश्नच नव्हता. "चार वेळा दिला होता," मी म्हणाले. "पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चार वेळा त्यांनी मला विचारलं, अकोल्याहून काही आलं का म्हणून. शेवटच्या वेळी तुमचं कार्ड माझ्यापाशी होतं. तरी मी नाही म्हटलं."

"चार वेळा?"

"चार."

भावजींनी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली. नियमांचा कागद गुडघ्यावर घेतला, कवडी टाकून ठरवायची ओळ होती तिच्यावर पट्टी लावून सरळ रेघ ओढली आणि खाली लिहिलं: दुसरा नेहमी आवाज देतो. अक्षर काट्याच्या नोंदीत असतं तसंच, तिरपं नाही, घाई नाही. मग कागदाची घडी घातली, आपल्या कवड्या टाकल्या आणि म्हणाले, "टाका तुमी. तुमची पाळी."

त्या एका ओळीनं खेळ बिघडला, हे खेळातलं न कळणाऱ्या मलाही सांगता येतं. दुसरा दर वेळी बोलावणारच असेल तर ओसरीवर कुणी अडकतच नाही आणि दिवाणाला जिंकायची वाटच उरत नाही. पुढल्या उन्हाळ्यात भावजी आले तेव्हा मी तसं बोलूनही दाखवलं. "हाव, थे खरं आहे," म्हणाले. ओळ बदलली नाही. बाकीच्या पटांवर त्या वर्षी धूळ होती, बारावा शत्रू काही जन्माला आला नाही. जिनातून आले की ते हा एकच खेळ मांडतात, दोन्ही वेशींपाशी एकेक चिंचोका ठेवतात आणि दोघांच्या कवड्या टाकतात. कसं चाललंय म्हणून मी कार्डात विचारते. आता ते माझ्या यादीत दर महिन्याचं कलम आहे. उत्तर दर वेळी तेवढंच येतं, आणि ती कार्डं मी किरकोळ फायलीत ठेवत नाही.

"जिंकून राहिलो वैनी. रोजच."